उत्तम भ्रूण, जाड अस्तर, तरी गर्भ का रुजला नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर फलन करून, पाचव्या दिवसाचं, चांगल्या प्रतीचं भ्रूण ठेवलं होतं. गर्भाशयाचं अस्तर ९ मिलिमीटर होतं. त्यानंतर बारा दिवस मी जवळजवळ पलंगावरून उठलेच नाही. तरी बीटा एचसीजी (गर्भ रुजल्यावर रक्तात दिसणारं संप्रेरक) शून्यावरच आलं. आठव्या दिवशी मला जोरात शिंका आल्या आणि त्याच संध्याकाळी मी एक जिना चढले होते. त्यामुळे भ्रूण निसटलं का? सगळं चांगलं होतं तर ते चिकटलं का नाही?"

शिंकेचं उत्तर सगळ्यात आधी देते, कारण तुमच्या मनाला तेच लागून राहिलेलं दिसतंय. नाही. शिंकेने, खोकल्याने, जिन्याने, लघवीला गेल्याने भ्रूण पडत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ मी भ्रूणप्रयोगशाळेत काम करते आहे, आणि हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की त्याचं नीट, कारणांसकट उत्तर द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गर्भाशयाचं चित्र आपण पुस्तकात बघतो तेव्हा मध्ये एक मोठी त्रिकोणी पोकळी दिसते, रिकाम्या पिशवीसारखी. त्यामुळे भ्रूण त्या पोकळीत लोंबतंय आणि धक्का लागला की खाली येईल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात गर्भाशयाची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात. मध्ये असतो तो फक्त चिकट ओलावा. काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून वर पातळ काच टेकवली की तो थेंब जसा दोन्हींच्या मध्ये धरला जातो, तसं हे. आणि भ्रूण केवढं? पूर्ण फुगलेलं ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसाच्या सुमाराचं भ्रूण, सुमारे ०.२ मिलिमीटरचं, बारीक वाळूच्या कणाएवढं. या आकाराच्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणापेक्षा ओलाव्याची पकड कितीतरी जास्त चालते. आम्ही कॅथेटरमधून, म्हणजे एका बारीक नळीतून, भ्रूण सोडतो तेव्हा सोबतचा द्रवही एका थेंबाहून कमी असतो. कॅथेटर बाहेर आला की मी तो तसाच मायक्रोस्कोपखाली नेते, डिशमध्ये धुते आणि टोकापासून बघते, कारण कधीकधी भ्रूण तिथल्याच श्लेष्म्याला चिकटून परत आलेलं असतं. तसं झालं तर लगेच पुन्हा सोडतो. ते एकदा आत राहिलं की हालचालीने बाहेर येत नाही. ट्रान्सफरनंतर, म्हणजे भ्रूण असं आत सोडल्यावर, झोपून राहिलेल्या आणि लगेच उठलेल्या स्त्रियांची तुलना करणारे अभ्यास झालेत. झोपून राहण्याचा फायदा त्यांत दिसलेला नाही.

तुमच्या आठव्या दिवसाचं गणितही बघा. ठेवलं तेव्हा भ्रूण पाच दिवसांचं होतं, म्हणजे आठव्या दिवशी ते तेरा दिवसांचं झालं असतं. माणसाचा गर्भ फलनानंतर सहाव्या-सातव्या दिवशी अस्तराला धरायला लागतो आणि बाराव्या दिवसाच्या सुमारास पूर्णपणे अस्तराच्या आत गेलेला असतो. ज्या भोकातून तो शिरला तेसुद्धा वरून बुजलेलं असतं. त्यामुळे गर्भ रुजला असता तर तुमच्या शिंकेपर्यंत तो बंद दाराआड असता. रुजला नसता, तर त्याचा निकाल बहुधा त्याआधी काही दिवस लागून गेलेला होता.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. "चिकटलं का नाही?"

"चिकटणं" या शब्दानेच घोळ होतो असं मला वाटतं. त्यातून गोंद, पृष्ठभाग, दाब असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. "रुजणं" हा आपला शब्द जास्त खरा आहे, कारण गर्भ खरोखरच आत शिरतो. पण त्यातही एक गैरसमज लपलेला आहे: अस्तर म्हणजे भुसभुशीत जमीन, ती जाड आणि मऊ केली की बी रुजणारच. गर्भाशयाच्या अस्तराचा स्वभाव याच्या बराच उलटा आहे.

१९६० च्या दशकात उंदरांवर काही प्रयोग झाले. उंदराचं ब्लास्टोसिस्ट काढून मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवलं, तर ते तिथे घुसलं. नराच्या वृषणात ठेवलं, तिथेही घुसलं. त्यासाठी ना संप्रेरकांची तयारी लागली, ना मादीचं शरीर. माणसातला पुरावा दुर्दैवाने रोजचा आहे: नळीत राहणारा गर्भ. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर होतात आणि त्यातल्या बहुतेक बीजवाहिनीत. नळीला काही खास अस्तर नाही, तरी गर्भ तिथे मुळं धरतो आणि नळी फाटेपर्यंत वाढू शकतो. बाहेर फलन करून ठेवलेल्या भ्रूणापासून झालेल्या अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या गर्भधारणांपैकी एक, आयव्हीएफचे प्रणेते एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी १९७६ मध्ये कळवलेली, नळीतलीच होती. म्हणजे शिरण्याची ताकद भ्रूणात आधीपासून भरपूर असते. शरीरात ज्या थोड्या जागा त्याला सहसा शिरू देत नाहीत, त्यातली एक म्हणजे गर्भाशयाचं अस्तर. महिन्यातले बहुतेक दिवस ते गर्भाला नाकारतं आणि मोजकेच दिवस दार उघडतं. राखणदाराचं काम आहे ते. हे ध्यानात घेतलं की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

दार उघडतं कशाने? आधी इस्ट्रोजेनने अस्तर वाढतं, पण ती नुसती बांधणी. बीज फुटल्यावर त्याच जागी जो पीतपिंड तयार होतो, त्यातून प्रोजेस्टेरॉन येतं आणि घड्याळ सुरू होतं. साधारण सहा दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालं की अस्तराच्या वरच्या पेशी बदलतात. त्यांच्यावर साखरेच्या रेणूंचे लांब झुपके असलेली म्युसिन नावाची प्रथिनं पसरलेली असतात. शेजारच्या पेशींना दूर ठेवणारं ते कुंपण असतं. भ्रूण जिथे टेकतं तिथे ते कुंपण बाजूला होतं. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत हा काळ साधारण विसाव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंतचा. म्हणूनच गोठवलेलं पाचव्या दिवसाचं भ्रूण आम्ही प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यावर सहाव्या दिवशी ठेवतो आणि इंजेक्शन किंवा गोळी कधी सुरू केली हे तासावारी विचारतो. तुम्हाला तो कटकटीचा भाग वाटला असेल. या सगळ्या प्रवासात वेळेला सर्वात जास्त किंमत तिथे आहे.

भ्रूणाच्या बाजूने काय चाललेलं असतं ते मी रोज बघते. पाचव्या दिवशी त्यात शंभराच्या आसपास पेशी असतात, आणि त्यांची दोन कामांत वाटणी झालेली असते. आतल्या बाजूला एक गच्च पुंजका, त्यातून बाळ होणार. बाहेरून एकाच थराची पातळ भिंत, तिच्यातून वार (प्लासेंटा) होणार. या सगळ्याभोवती झोना नावाचं पारदर्शक कवच असतं. भ्रूण आतून फुगतं, आक्रसतं, पुन्हा फुगतं; कवच पातळ होत जातं आणि एका जागी फटतं. त्या फटीतून पेशी बाहेर येऊ लागल्या की काही तास आठच्या आकड्यासारखा आकार दिसतो: अर्धं भ्रूण आत, अर्धं बाहेर. मग रिकामं कवच एका बाजूला पडतं. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणी मी हातातलं काम थांबवून बघत राहते. कवचातून बाहेर पडल्याशिवाय गर्भ अस्तराला स्पर्शच करू शकत नाही, आणि बाहेर पडता न आल्याने थांबलेली भ्रूणंही मी पुष्कळ पाहिली आहेत.

बाहेर आलेलं भ्रूण आधी अस्तरावर हळू टेकतं. २००३ मध्ये एक सुंदर गोष्ट उजेडात आली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगाने वाहताना जखमेजवळ रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून घरंगळत थांबतात; त्यासाठी एल-सिलेक्टिन नावाचा रेणू वापरतात. तोच रेणू भ्रूणाच्या बाहेरच्या पेशींवर असतो, आणि त्याला धरायला लागणाऱ्या खुंट्या अस्तरावर त्याच मोजक्या दिवसांत उगवतात. या पकडीनंतर इंटेग्रिन वगैरे रेणूंची घट्ट गाठ बसते. त्यानंतर भ्रूणाच्या भिंतीतल्या काही पेशी एकमेकींत विरघळतात आणि अनेक केंद्रकांचा, मध्ये पडदे नसलेला एकच सलग जिवंत थर बनतो. हा थर अस्तराच्या पेशींमधून वाट काढत खाली उतरतो. नवव्या दिवसाच्या सुमारास त्यात पोकळ्या दिसू लागतात आणि आईच्या बारीक रक्तवाहिन्या त्या पोकळ्यांत उघडतात.

इतकं खोल शिरणं हा सगळ्या प्राण्यांचा रिवाज नाही. डुकराचं भ्रूण दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान लांबत लांबत जवळजवळ एक मीटरचा धागा होतं, पण अस्तराच्या वरच राहतं. गायीचं भ्रूणही वरवरच जोडलं जातं. माणूस आणि चिंपांझी-गोरिलासारखे मोठे वानर यांच्यात गर्भ पूर्ण गाडला जातो. ज्याला एवढं आत घ्यायचं, त्याची पारख आधीच करणारं अस्तर आपल्याकडे असावं, हे मला फार सुसंगत वाटतं. उंदराचं अस्तर भ्रूण आल्यावर बदलायला लागतं. आपलं अस्तर भ्रूण असो नसो, दर महिन्याला स्वतःहून बदलतं: लांबट पेशी गोल होतात, त्यांत ग्लायकोजेन साठतं, भोवती खास प्रतिकारपेशी गोळा होतात. भ्रूण आलं नाही की तो थर टाकून दिला जातो. पाळी येते ती त्यामुळेच.

या प्रतिकारपेशींविषयी जरा सांगते, कारण त्यांच्या नावावर बायकांना खूप घाबरवलं जातं. सुरुवातीच्या गरोदरपणात गर्भाशयातल्या पांढऱ्या पेशींपैकी बहुसंख्य "नॅचरल किलर" जातीच्या असतात. नाव भीतिदायक आहे. काम मात्र आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करण्याचं. आईच्या शरीराने अर्ध्या परक्या जिवाला कसं सहन करावं, हा प्रश्न प्रतिकारशक्तीचे अभ्यासक पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला आणि त्याचं उत्तर अजून तुकड्यातुकड्यांनी मिळतं आहे. पण रक्ततपासणीत या पेशी "जास्त" दिसल्या म्हणून गर्भ मारला गेला, असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्तातल्या या पेशी आणि अस्तरातल्या या पेशी वेगळ्या वागतात.

मग तुमचं भ्रूण "चांगल्या प्रतीचं" असून थांबलं कसं? ही प्रत मीच ठरवते, म्हणून तिची मर्यादाही मीच सांगायला हवी. मी बघते ते रूप: किती फुगलंय, पुंजका किती घट्ट आहे, बाहेरची भिंत किती एकसारखी आहे. गुणसूत्रं मला दिसत नाहीत. अतिशय देखण्या भ्रूणात एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी असू शकतं. वयाच्या चाळिशीत निम्म्याहून जास्त ब्लास्टोसिस्ट असे असतात. तिशीच्या आत प्रमाण पुष्कळ कमी असतं, पण शून्य कधीच नसतं. हा दोष बहुतेक वेळा स्त्रीबीज पक्व होताना गुणसूत्रांची वाटणी चुकल्यामुळे येतो. तुमच्या वागण्याशी, आहाराशी, त्या महिन्यातल्या काळजीशी त्याचा संबंध नसतो.

हे आयव्हीएफपुरतंही नाही. अमेरिकेत बोस्टनजवळ जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग या डॉक्टरांनी १९३८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षं एक अवघड काम केलं. ज्यांचं गर्भाशय वैद्यकीय कारणासाठी काढायचंच होतं अशा २१० स्त्रियांनी आपल्या तारखा नोंदवून ठेवल्या, आणि काढलेल्या गर्भाशयात त्यांनी भ्रूणं शोधली. पहिल्या सतरा दिवसांतली ३४ सापडली. आपण वर बोललो त्या पायऱ्यांची माणसातली चित्रं मुख्यतः तिथूनच आली. ही सगळी नैसर्गिकरीत्या राहिलेली होती, तरी त्यातला साधारण तिसरा हिस्सा सदोष होता. त्यांपैकी बहुतेक, पाळी चुकायच्या आधी किंवा चुकताच, कोणालाही न कळता संपले असते.

संशोधक ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दुसऱ्या वाटेने हेच दाखवलं. मूल हवं असलेल्या स्त्रियांची रोजची लघवी तपासून एचसीजी नेमकं कोणत्या दिवशी दिसतं ते त्यांनी पाहिलं. १८९ गर्भधारणांपैकी ४८, म्हणजे पाव हिस्सा, शेवटच्या पाळीपासून सहा आठवडेही टिकल्या नाहीत. टिकलेल्यांपैकी ८४ टक्के बीज फुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजल्या होत्या, म्हणजे एचसीजी पहिल्यांदा तेव्हा दिसलं होतं. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत लवकर जाण्याचं प्रमाण १३ टक्के, दहाव्या दिवशी २६, अकराव्या दिवशी ५२ आणि त्यानंतर ८२ टक्के. उशिरा पोचणारा गर्भ बहुधा मुळात अशक्त असतो, शिवाय दारही मिटत आलेलं असतं. एचसीजी वेळेत पोचलं नाही तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत आटतो आणि पाळी येते. त्याच नोंदींवरून पुढे "रुजतानाचा रक्तस्राव" हाही प्रकार तपासला गेला. १५१ जणींपैकी पहिल्या आठ आठवड्यांत रक्त दिसलं १४ जणींना, आणि ते रुजण्याच्या दिवसाशी जुळलं नाही. त्यामुळे डाग दिसला म्हणून रुजला किंवा दिसला नाही म्हणून गेला, असा अर्थ काढत बसू नका.

अस्तराकडे बोट दाखवता येतं का? कधीकधी येतं. १९९२ मध्ये एलआयएफ नावाचा एक रेणू नसलेल्या उंदरिणी तयार केल्या गेल्या. त्यांची भ्रूणं त्यांच्या स्वतःच्या गर्भाशयात रुजेनात. तीच भ्रूणं साध्या उंदरिणीत ठेवल्यावर रुजली. भ्रूण निर्दोष, अडचण दाराशी, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही. साहजिकच तोच रेणू वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांना देऊन पाहिला गेला. २००९ मध्ये निकाल आला आणि उपयोग झाला नाही. उंदराच्या दाराची किल्ली आपल्या दाराला लागली नाही. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्हाला पुढच्या वेळी अनेक "जास्तीच्या" गोष्टी सुचवल्या जातील. अस्तर खरवडण्याची १३६४ स्त्रियांवरची मोठी चाचणी २०१९ मध्ये आली: खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत मूल होण्याचं प्रमाण २६.१ टक्के, अगदी दशांशापर्यंत सारखं. अस्तराचा तुकडा काढून "तुमची खिडकी" शोधण्याच्या तपासणीची चाचणी २०२२ मध्ये आली. तपासणीनुसार वेळ ठरवलेल्यांत ५८.५ टक्के जणींना मूल झालं, नेहमीच्या वेळी ठेवलेल्यांत ६१.९ टक्के, फायदा दिसला नाही. या चाचणीतली सगळी भ्रूणं गुणसूत्रं तपासून निरोगी ठरलेली होती, तरी दहांतली चार घरापर्यंत पोचली नाहीत. निरोगी भ्रूण, तयार अस्तर, अचूक वेळ, आणि तरीही नाही, असं घडतं. तुमचं एक अपयश याच चौकटीत बसतं.

जाडीबद्दल एकच: सात मिलिमीटरच्या खाली आम्हाला काळजी वाटते, पण नऊच्या जागी बारा असतं तर दार जास्त उघडलं असतं असं होत नाही. सोनोग्राफी अस्तराची उंची मोजते, त्याची तयारी तिला दिसत नाही.

पुढच्या भेटीत मात्र काही गोष्टी जरूर विचारा. पोकळीत पॉलिप, चिकटलेले पडदे किंवा आत डोकावणारी गाठ नाही ना, हे नीट बघितलं आहे का. नळी पाण्याने भरून फुगलेली आहे का, हे तर नक्कीच विचारा, कारण ते पाणी उलटं गर्भाशयात झिरपतं आणि यश जवळजवळ अर्ध्यावर आणू शकतं. अशी नळी आधी काढली किंवा बंद केली तर फरक पडतो हे सिद्ध झालेलं आहे. प्रोजेस्टेरॉन कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झालं आणि भ्रूण कधी ठेवलं, हे कागदावर लिहून मागा. उरलेली भ्रूणं किती, कोणत्या दिवसाची आणि ती तयार झाली तेव्हा तुमचं वय काय होतं, तेही. गर्भाशयाचं वय वाढल्याने फार बिघडत नाही. बीज कोणत्या वयात काढलं त्याने बिघडतं, म्हणून गोठवलेल्या भ्रूणांचं वय तेव्हाचंच धरायचं.

आणि पुढच्या वेळी ट्रान्सफर झाल्यावर थोडा वेळ पडून, कपडे करून, चालत घरी जा. कॅथेटर धुऊन भ्रूण आत राहिल्याची खात्री करण्याचं काम आमचं आहे. आम्ही ते केलं का, हे तिथेच विचारायला अजिबात संकोचू नका. मला कोणी विचारलं की मी डिश दाखवते.